स्नायूआधी कातडी

शोधनिबंधात या कामाला एक वाक्य मिळतं: ‘त्वचेची प्रमाणित पद्धतीने तयारी करून इलेक्ट्रोड लावले.’ पुढच्या ओळीपासून आलेख, तक्ते आणि सरासऱ्या सुरू होतात. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माणसांची चाल आणि स्नायू तपासायची आमची छोटी लॅब आहे, आणि माझ्या दिवसाचा मोठा तुकडा त्या एका वाक्यात जातो. केस काढणं, कातडी घासणं, स्पिरिटने पुसणं, हाडं चाचपणं, टेपने मोजणं, पेनने टिंबं देणं. स्क्रीनवरची रेघ हलायला लागेपर्यंत तपासणी कामाची होणार की वाया जाणार हे बहुतेक ठरून गेलेलं असतं.

तपासणीचं नाव सरफेस ईएमजी. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या तंतूंवरून विजेची लहर धावते, सेकंदाला साधारण चार मीटर या वेगाने. सुई न टोचता, कातडीवर चिकटवलेल्या दोन चकत्यांनी, म्हणजे इलेक्ट्रोडनी, ती टिपायची. कातडीपर्यंत पोचताना तिचे उरतात काही मायक्रोव्होल्ट. स्नायू जोरात कामाला लागला तर एखाद-दोन मिलिव्होल्ट, फार तर थोडे जास्त. त्याच खोलीच्या भिंतीत 230 व्होल्टच्या तारा आहेत, वर ट्यूबलाइट आहे, कोपऱ्यात पंखा आहे. या सगळ्यांची 50 हर्ट्झची गुणगुण आपल्या अंगावर सतत पडत असते. आपल्याला ती जाणवत नाही, यंत्राला जाणवते.

अपॉइंटमेंट देताना आम्ही फोनवर आवर्जून सांगतो, येताना पायाला तेल, बाम, क्रीम काही लावू नका. ऐकणारे थोडे. आजी म्हणतात, “अगं, तपासणी आहे म्हणून तर सकाळी महानारायण तेलाने चांगला चोळला गुडघा. जरा मोकळा नको का दिसायला?” तपासणीला जाताना गुडघा शक्य तितका चांगला वागावा, आपली अब्रू राखावी, हा त्यातला विचार मला मनापासून पटतो. पण तेलाचा थर विजेला अडवतो आणि चकतीला चिकटू देत नाही. मग साबणाचं कोमट पाणी, टॉवेल, पुन्हा पाणी. आजी म्हणतात, “गेलं का गं सगळं?” तेल जातं, बामाचा वास दुपारपर्यंत खोलीत राहतो.

तेल गेलं तरी खरी अडचण बाकीच असते, ती म्हणजे आपली स्वतःची सगळ्यात वरची कातडी. हा मेलेल्या, सुकलेल्या पेशींचा थर शरीराच्या बहुतेक भागावर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा असतो. बाहेरचं आत येऊ न देणं आणि आतलं बाहेर जाऊ न देणं हे त्याचं काम, आणि ते तो इमानाने करतो. आतलं म्हणजे पाणीच नव्हे, वीजसुद्धा. कोरड्या, न घासलेल्या कातडीचा विरोध शेकडो किलोओहमपर्यंत जाऊ शकतो. नीट तयारी केली तर तो पाच-दहा किलोओहमच्या आत आणता येतो.

हे दुखणं जुनं आहे. बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल दु बुआ-रेमाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, माणूस स्वतःच्या इच्छेने स्नायू आवळतो तेव्हा वीज निर्माण होते हे दाखवलं. तारेची हजारो वेटोळी असलेला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी बारीक वीजही सुई हलवून दाखवणारं यंत्र, त्यांनी स्वतः बनवला होता. दोन हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे, एक हात आवळायचा, की सुई किंचित हलायची. इतकी किंचित, की बघणाऱ्याने शंका घ्यावी. कातडी आड येतेय हे त्यांनी ओळखलं आणि दोन्ही हातांवर औषधाने फोड उठवले, फोडाची कातडी काढली आणि उघड्या जखमेवर जोडणी केली. सुई पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त हलली. आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. त्यानंतर घासायचा कंटाळा येतो असं कुणी म्हणत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आम्ही अर्थातच फोड आणत नाही. आधी रेझर. पुरुषांच्या पायावर याला वेळ लागतो, आणि जवळजवळ प्रत्येक काका तोच विनोद करतात: “बिनपाण्यानेच का मॅडम?” कोरडाच रेझर असल्यामुळे उत्तर ‘हो’ असतं आणि सगळे हसतात. विनोद जुना झाला असला तरी मला तो हवा असतो, कारण हसल्यावर मांडी सैल सोडतात. मुलींचं वेगळं. एखादी आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन वॅक्सिंग करून येते, आम्हाला त्रास नको म्हणून. ताज्या वॅक्सवर स्पिरिट लावलं की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून आता फोनवरच्या सूचनांत तेलाखाली वॅक्सचीही भर पडली आहे.

मग घासणं. त्यासाठी बारीक खर असलेली पेस्ट मिळते. ती नसेल तेव्हा अगदी मऊ नंबरचा पॉलिश पेपर, तोच जो सुतार लाकडाला शेवटचा हात फिरवताना घेतो. तीन-चार वेळा, हलका हात, एकाच दिशेने. कातडी किंचित गुलाबी दिसली की थांबायचं. सावळ्या अंगावर गुलाबी दिसत नाही, तिथे बोटाला लागणारी ऊब आणि पेशंटचा चेहरा यांवर जावं लागतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या नडगीवर किंवा ऐंशीच्या घरातल्या आजोबांच्या कागदासारख्या कातडीवर मी पेपर लावतच नाही. तिथे नुसतं स्पिरिट, जरा जास्त वेळ, आणि सिग्नल थोडा खरखरीत आला तर तसाच घ्यायचा. तपासणीसाठी माणसाला जखम करावी इतकी कुठलीच रेघ मोलाची नाही. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवून वाळू द्यायचं. हे वाळू देणं सगळ्यात अवघड. फुंकर मारायचा मोह प्रत्येक इंटर्नला होतो. चकती लावल्यावर पुन्हा काही मिनिटं थांबायचं, कारण जेल हळूहळू कातडीत मुरतं आणि विरोध अजून उतरतो. पुण्यातल्या पेशंटला ‘आता काही करायचं नाही, नुसतं बसायचं’ हे सांगणं सोपं नाही. “एवढ्यात माझं चितळ्यांकडचं काम झालं असतं,” असं एकांनी मला ऐकवलं आहे.

इतकं कशाला, हल्लीची यंत्रं चांगली असतात की, असं विक्रेते सांगतात. नव्या बिनतारी सेन्सरचं प्रात्यक्षिक द्यायला आलेल्या तरुणाने अर्ध्या मिनिटात सेन्सर स्वतःच्या दंडावर दाबला, मूठ वळली, स्क्रीनवर रेघ उसळली. “बघा मॅडम, प्रेप लागतच नाही.” खरं आहे, आतलं सर्किट सुधारलंय, पूर्वी जो विरोध चालला नसता तो आता चालून जातो. मी त्याला म्हटलं, आता मूठ सोड आणि हात मांडीवर ठेव. रेघ खाली आली, पण सरळ झाली नाही, बारीक बारीक थरथरत राहिली. मी विचारलं, यातला स्नायू किती आणि ट्यूबलाइट किती? तो हसला आणि फिल्टरचं बटण दाखवायला लागला.

माझा सगळा हट्ट या थरथरीपाशी आहे. स्नायू काम करतोय हे दाखवणं सोपं असतं, ओबडधोबड लावलेली चकतीही ते दाखवते. स्नायू थांबलाय हे दाखवायला मात्र कातडी नीट तयार केलेली लागते. आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न नेमका तोच असतो, की हा स्नायू जिथे विसावायला हवा तिथे विसावतो का? हिंजवडीला दहा तास लॅपटॉपपुढे बसणाऱ्याच्या मानेचा, लकव्यानंतर ताठरलेल्या पोटरीचा प्रश्न हाच आहे. खालची रेघ गोंगाटाने भरलेली असेल तर विसावा आणि काम यांतली सीमाच सापडत नाही.

फिल्टरच्या बटणाबद्दलही दोन शब्द. 50 हर्ट्झची गुणगुण यायला लागली की पहिला सल्ला येतो, नॉच फिल्टर लावा, तेवढीच वारंवारता कापून टाका. पण स्नायूच्या सिग्नलची बरीचशी ताकद साधारण 50 ते 150 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. गुणगुणीबरोबर स्नायूचा लचकाही जातो. त्यापेक्षा गुणगुण येते कुठून ते शोधावं. यंत्र दोन चकत्यांच्या सिग्नलमधला फरक मोजतं, म्हणजे दोघींवर सारखी पडलेली गुणगुण वजाबाकीत निघून जायला हवी. ती जात नसेल तर बहुतेक वेळा एका चकतीखालची कातडी चांगली घासली गेलेली असते आणि दुसरीखालची कंटाळ्याने. वजाबाकी मग जुळत नाही. उपाय बटणात नसतो, बोळ्यात असतो.

आता जागा. युरोपात 1996 ते 1999 या काळात सेनिअॅम नावाचा एक प्रकल्प झाला. तोवर प्रत्येक लॅब आपापल्या मनाने चकत्या लावत होती. या लोकांनी बसून एकेका स्नायूसाठी जागा सुचवली. दोन चकत्यांच्या केंद्रांत 20 मिलिमीटर अंतर, चकत्या स्नायूच्या तंतूंच्या दिशेने, आणि संदर्भासाठी वेगळी चकती मनगट किंवा घोट्यासारख्या हाडाळ जागी. त्या सूचना वाचताना भूमितीचं पुस्तक वाचतोय असं वाटतं. मांडीच्या मधल्या स्नायूसाठी कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत रेषा घ्या, बरोबर निम्म्यावर लावा. गुडघ्याच्या आतल्या अंगाच्या स्नायूसाठी त्याच टोकापासून सांध्याच्या आतल्या फटीपर्यंत रेषा घ्या, तिच्या ऐंशी टक्क्यांवर, आणि चकत्या रेषेला जवळजवळ आडव्या, कारण तिथले तंतू तिरके वळतात. रेषा 45 सेंटीमीटर भरली तर खूण 36 वर.

कागदावर सोपं आहे. पण सगळ्या रेषा जिथून सुरू होतात ते कमरेच्या हाडाचं टोक परकराच्या नाडीच्या किंवा सलवारीच्या इलॅस्टिकच्या जरा खाली असतं. ते मला बोटांनी शोधायचं असतं, एका अनोळखी बाईच्या अंगावर, पडद्याआड, सूनबाई बाहेर बाकावर बसलेली असताना. मी आधी स्वतःच्या कमरेवर दाखवते. मग म्हणते, “आजी, तुमचंच बोट ठेवा, तुम्हालाच लागेल ते हाड.” बहुतेकींना लागतं, आणि बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं. “अगंबाई, हे इथे होतं होय!” चार बाळंतपणं झालेल्या, घागर कमरेवर घेऊन आयुष्य काढलेल्या बाईला तिचं हे हाड कुणी कधी दाखवलेलं नसतं. मग माझं बोट तिच्या बोटाशेजारी, टेपचं टोक तिथे, आणि दुसरं टोक घेऊन मी खाली गुडघ्याशी बसते. पुरुष पेशंट असला तर हे काम माझा सहकारी करतो. कुणी नको म्हटलं नसतं, पण तंग झालेल्या माणसाचा स्नायूही तंग असतो.

जागा दोन बोटं चुकली तर काय होतं हे विद्यार्थ्यांना पटवायला दंडाचा स्नायू बरा. प्रत्येक स्नायूत मज्जातंतू जिथे येऊन भिडतो असा एक पट्टा असतो. लहर तिथे जन्मते आणि दोन्ही टोकांकडे धावते. त्या पट्ट्याच्या अल्याड-पल्याड एकेक चकती लावली तर दोन लहरी एकाच वेळी दोघींवर पोचतात, वजाबाकीत एकमेकींना खातात, आणि दांडगा पैलवानही स्क्रीनवर मरतुकडा दिसतो. म्हणून चकत्या तो पट्टा सोडून स्नायूच्या शेवटाकडच्या बाजूला ठेवायच्या, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवरही नाही.

कोपराखालचा हात तर त्याहून कठीण. तिथे बोटांचे, मनगटाचे इतके स्नायू दाटीने राहतात की एकाच्या दारात कान लावला तर वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं शेजारच्यांचं भांडणही ऐकू येतं. आणि कातडीखालची चरबी जितकी जास्त तितका आवाज पुसट आणि सरमिसळ. म्हणून एकाच्या मायक्रोव्होल्टची दुसऱ्याच्या मायक्रोव्होल्टशी तुलना करण्यात अर्थ नसतो. “माझे शंभर आणि ह्यांचे दीडशे, म्हणजे ह्यांचा पाय जास्त मजबूत?” असं नवऱ्याबरोबर आलेल्या काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कदाचित ह्यांच्या मांडीवर चरबी कमी असेल. त्यावर काका खूश झाले आणि काकू नाहीत. खरी तुलना माणसाची स्वतःशीच करायची. आधी जीव खाऊन जोर लावून घ्यायचा, तो शंभर टक्के धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत वाचायचं. हा जोर लावून घेताना आम्ही इतके ओरडतो, ‘लावा, लावा, अजून, सोडू नका!’, की बाहेर बसलेल्या पेशंटना आत कबड्डी चालली आहे असं वाटतं.

मागे ढोल-ताशा पथकातली एक मुलगी उजवा खांदा धरून आली. नोकरी, त्यावर रोज संध्याकाळी सराव. लॅबमध्ये ढोल वाजवून बघितला. सोसायटीचे चेअरमन तातडीने खाली आले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग बिनतारी सेन्सर घेऊन आम्हीच नदीकाठी, सरावाच्या जागी गेलो. श्रावणातली हवा, मध्येच सर, अंगाला घाम. मानेपासून खांद्याकडे जाणाऱ्या ट्रॅपेझियसवर, मानेच्या शेवटच्या उठून दिसणाऱ्या मणक्यापासून खांद्याच्या टोकापर्यंतच्या रेषेच्या मध्यावर एक सेन्सर, दुसरा खांद्याच्या गोलाईवर. एका शेडखाली तिच्या मैत्रिणींनी ओढणी धरून आडोसा केला. आम्ही घासलं, पुसलं, वाळवलं, आणि वाळेपर्यंत पुन्हा घाम आला. दुहेरी टेप सुटायला लागली, तेव्हा वरून ताणाची पट्टी गुंडाळली. टिपरू ढोलावर पडलं की त्याचा धक्का हातातून वर येऊन सेन्सरला हलवतो. हा हादरा बहुतेक 20 हर्ट्झच्या खालचा, फिल्टर त्याला बराचसा अडवतो. पण सेन्सरच कातडीवरून उचलला गेला तर कुठला फिल्टर त्याला खाली बसवणार?

तरी अर्ध्या तासाचं चांगलं रेकॉर्डिंग हाती लागलं. खांद्याच्या गोलाईचा स्नायू प्रत्येक ठोक्याला उठत होता आणि बसत होता. ट्रॅपेझियस मात्र दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेतही उतरत नव्हता. नुसतं उभं राहून ताशाची वाट बघतानाही नाही. ती रेघ मी तिला तिथेच मोबाइलवर दाखवली. “म्हणजे मी वाजवत नसतानाही वाजवतेय?” ती म्हणाली. ढोलाची दोरी आवळून बांधण्यापासून खांदा खाली सोडायला शिकण्यापर्यंत पुढचं सगळं तिथून सुरू झालं. पथक सोड असं मी तिला सांगितलं नाही. पुण्यात गणपतीच्या तोंडावर तसं सांगणाऱ्या डॉक्टरकडे माणूस परत येत नाही.

पुन्हा पुन्हा तपासायचे पेशंट हा यातला सगळ्यात नाजूक भाग. सहा आठवड्यांनी रेघ बदलली तर स्नायू बदलला की चकतीची जागा? पेनाच्या खुणा आंघोळीत जातात. म्हणून आम्ही पारदर्शक प्लास्टिकचा कागद मांडीवर पसरतो आणि चकत्यांच्या जागांबरोबर त्या माणसाच्या अंगावरचे कायमचे ठिपके उतरवून घेतो: तीळ, लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण, ऑपरेशनच्या टाक्यांची रेघ. पुढच्या वेळी कागद ठेवायचा, तीळ तिळावर आणि व्रण व्रणावर आणायचा, आणि भोकांतून टिंबं द्यायची. कपाटात अशा कागदांची चळत आहे, प्रत्येकावर फक्त नंबर.

गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेली एक कबड्डीपटू मुलगी बरेच महिने येत होती. ऑपरेशननंतर गुडघ्यात सूज असते तेव्हा मांडीचा स्नायू धडधाकट असूनही मेंदू त्याला पुरता हुकूम देत नाही. पहिल्या तपासणीत तिची रेघ जेमतेम उठली होती. ती स्क्रीनकडे बघत दात-ओठ खात जोर लावायची, रेघ थोडी वर गेली की आईकडे बघायची. मध्ये तिची परीक्षा आली, मग गावी जाऊन आली, खंड पडला. परत आली तेव्हा मी तिचा जुना कागद काढला आणि मांडीवर ठेवला. गुडघ्याकडचा व्रण जुळवला तर वरचा तीळ कागदावरच्या तिळाच्या बाहेर पडत होता. तीळ जुळवला तर व्रण सुटत होता. इंटर्नला वाटलं कागद चुकीच्या पेशंटचा आहे. तिने नंबर दोनदा पडताळला. मी टेप घेतली आणि मांडीचा घेर मोजला. पहिल्या दिवशीच्या नोंदीपेक्षा तो वाढला होता, आणि चिमटीत धरून पाहिलं तर चरबी वाढलेली वाटत नव्हती.

“कागद लहान झाला का?” तिने विचारलं.

मी तो बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला, आणि “आता कमरेचं हाड तूच दाखव, तुला येतं” म्हणून टेपचं टोक तिच्या हातात दिलं.